तुडुमावरचा डबा

मेलेल्या रोहूचा कल्ला पूर्ण मिटत नाही. कडेला तांदळाच्या दाण्याएवढी फट राहते, आणि माशी अंडी घालायला नेमकी तीच जागा निवडते. रुपालीने वाकून पाहिलं तेव्हा त्या फटीत अंड्यांची पांढरी रांग होती, एकाला एक चिकटलेली, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. माशाच्या डोळ्यावर साय आली होती. पोट फुगून खवले उभे राहिले होते. त्याच्या शेजारी दुसरा, पलीकडे तिसरा, आणि पुढे मोजण्यात अर्थ नव्हता. तलावाच्या तळाशी उरलेल्या गढूळ डबक्यावर मेलेल्या माशांचा थर पसरला होता आणि थरावर माश्यांची एकसारखी घूंघूं चालली होती.

तिने पाण्यातला प्राणवायू मोजायच्या यंत्राची दांडी डबक्यात बुडवली. आकडा खाली खाली येत शून्याजवळ थांबला.

"काय म्हनते तुमचं यंत्र?" केसरबाईंनी विचारलं. गावातल्या ढिवर बायांच्या मच्छीमार संस्थेच्या त्या अध्यक्ष. काष्टा मारून, तोंडावर पदर बांधून त्या टोपल्याने मेलेले मासे काठावर ओतत होत्या.

"पाण्यात हवा राहिली नाही."

"थे त मले नाकानंबी सांगतलं." त्यांनी टोपलं उपडं केलं. मासे एकमेकांवरून घसरले. एकाचं पोट फुटलं. "दूर सरका, बाई. वास अंगात बसते. साबण सरते, वास नाई सरत."

रुपाली सरकली नाही. तिने आकडा वहीत उतरवला. 

लग्नसराईत हे मासे बाजारात जायचे होते. पावसाळ्यात बोटाएवढं बीज सोडून बायांनी ते वाढवले होते, पाळीपाळीने राखण केली होती. परवा संध्याकाळी तलावाचं तुडूम, म्हणजे बांधाखालून पाटात पाणी सोडायचं दार, कोणीतरी उघडलं आणि ते रात्रभर उघडंच राहिलं. उन्हाळ्यामुळे तलावात आधीच पाणी कमी होतं. गाव उठलं तेव्हा तळ दिसत होता. उरलेलं डबकं एप्रिलच्या उन्हात तापत गेलं आणि मासे मेले.

"लहानूनंच उघडलं," डबक्यात उभी असलेली दुसरी एक बाई म्हणाली. "पाटावर धानाची पयली बांधी त्याची. सकारी पानी कोनाच्या धानात उभं होतं? त्याच्याच."

"म्या पाह्यलं नाई उघडताना," केसरबाई म्हणाल्या.

"पाहाले कायले लागते? मोबाइल त्याच्याच हातात देल्ला होता ना यायनं. पेपरात फोटोबी आला."

यायनं म्हणजे रुपालीच्या लोकांनी. रुपालीने दांडी पुसून पेटीत ठेवली.

केसरबाईंनी कमर सरळ केली. "बाई, आज चार वाजता शाळेत बैठक हाय. तलावाचं त पानी गेलं. आता वरच्या बोडीचं हाय तेवढंच, थेच सगळ्याइच्या उन्हाळी धानाले पाळीनं पुरवा लागते. लोक म्हनून राह्यले का लहानूची पाळी कापा. बापूजीनं सांगतलं, यंत्रवाल्या बाईनं समोर येऊन तोंडानं सांगावं. बाईनं लहानूनं नाई उघडलं म्हनलं, त पाळी राहीन. बाई काइच नाई बोलली, त कापली."

बोडी म्हणजे वरच्या अंगाचं छोटं तळं. बापूजी गावाच्या पाणीवाटप समितीचे प्रमुख होते. त्यांनी एकदा सांगितलं की ते तसंच व्हायचं.

"येईन मी," रुपाली म्हणाली.

"याल त खरं," केसरबाई म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. "बोलाल का?"

*

तुडुमाच्या डोक्यावर एक लोखंडी डबा बसवलेला होता. आत तळहातावर मावेल एवढा संगणक, दार वरखाली करणारी मोटर चालवायची जोडणी आणि एक सिम. बाहेर खांबावर कॅमेरा. नागपूरच्या एका संस्थेचा हा प्रयोग होता. मोबाइलवर हुकूम दिला की दार उघडतं किंवा लागतं, कोणी बांधावर जाऊन चाक फिरवायला नको. रुपाली त्या संस्थेची प्रकल्प सहायक. मूळची गडचांदूरची, भौतिकशास्त्रात एम.एस्सी., नागभीडला खोली घेऊन राहणारी. डबे तपासणं, मोजणी घेणं आणि डब्यांतल्या संगणकांची राखण करणं हे तिचं काम.

राखण म्हणजे नियम. डब्याने हुकूम दोनच फोनांचा ऐकायचा, केसरबाईंच्या आणि बापूजींच्या. तोही बांधावरच्या वाय-फायमधून आलेला. सिमच्या वाटेने बाहेरून आलेला हुकूम दारातच टाकून द्यायचा. नियम तिने स्वतः लिहिले होते. धान आणि मासे या दोघांच्या मधे एक तलाव असेल तर तो दोघांच्याच हातात असावा, एवढी साधी गोष्ट त्यात होती.

तिने डब्याला लॅपटॉप जोडला आणि लागू असलेले नियम दाखवायला सांगितलं. पडद्यावर नियमांच्या तीन साखळ्या आल्या. आत येणाऱ्यांची, पुढे जाणाऱ्यांची, बाहेर पडणाऱ्यांची. तिन्ही रिकाम्या. तिन्हींच्या डोक्यावर एकच शब्द, ज्याचा अर्थ येऊ द्या.

तिला आश्चर्य वाटलं नाही. टाइप केलेले नियम त्या क्षणापासून लागू होतात, पण ते चालू मशीनच्या स्मृतीतच असतात. वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं की ते नसतात. राहायला हवे असतील तर ते फायलीत उतरवायचे आणि सुरू होताना ही फाइल आधी वाच, असं मशीनला सांगून ठेवायचं. अवघड काहीच नाही. डबा बसवला त्याच आठवड्यात तिने ते केलं होतं.

आणि मग पहिले पाहुणे आले. प्रकल्पप्रमुख अमर सरांनी एका साहेबांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं आणि म्हणाले, दाबा सर. साहेबांनी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. डब्याने नियमाप्रमाणे परक्या फोनला दारातच अडवलं होतं. बांधावर सगळे तुडुमाकडे बघत उभे आणि सरांच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. त्या दिवशी गाडीत बसताना त्यांनी सांगितलं, "ते सेव्ह केलेलं काढून टाक. नियम असू देत, पण तात्पुरते. पाहुणे यायच्या आधी डबा बंद करून चालू केला की काम झालं."

सोय चोख होती. अहवालात लिहिता येत होतं की तुडुमाला सुरक्षा-नियम आहेत. आणि हवं तेव्हा ते नसत. त्यानंतरच्या पाहुण्यांना तर एका शेतकऱ्याच्या हातात मोबाइल देऊन दार उघडून दाखवलं गेलं. तो शेतकरी लहानू. पाणी पाटातून उगाच वाहत गेलं, त्याबरोबर बोटाएवढे मासे वाहत गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटातल्या चिखलात तडफडणारं बीज केसरबाईंनी ओच्यात भरून परत तलावात टाकलं होतं. त्याचाही फोटो काढला गेला. महिला सक्षमीकरण या पानावर तो छापला.

इथे वीज दिवसाआड जाते. रुपाली आली की नियम नव्याने टाइप करी, पुढच्या फेरीला ते गेलेले असत. ती सरांना विचारी, सेव्ह करू का. सर म्हणत, फायनल व्हर्जनमध्ये. ती बरं म्हणे. दर वेळी लॅपटॉप मिटताना तिला वाटे की न विचारताच करून टाकावं, आणि दर वेळी ती लॅपटॉप मिटे.

मुखरू बांधाच्या कडेला उकिडवा बसून प्लास्टिकच्या पुडीत तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत होता. तो पंचायतीने ठेवलेला तलावाचा राखणदार.

"मुखरूभाऊ, परवा संध्याकाळी डबा कोणी बंद केला होता?"

"लाइन गेली असन."

"लाइन नंतर गेली. मशीनच्या नोंदीत ते त्या संध्याकाळी दोनदा सुरू झालंय. पहिल्यांदा कोणी केलं?"

मुखरू पुडी चोळत राहिला. मग चिमूट गालात दाबून म्हणाला, "सरचा फोन आलता. म्हने डबा अटकला, एकडाव बंद करून चालू कर. म्या केला. सर म्हनते त करा लागते ना."

"मग तुडूम उघडलेलं दिसलं असेल तुम्हाला."

"दिसलं ना. मले वाटलं, सर पाहून राह्यले त सरच लावतीन. मी भाच्याच्या मांडवाले चाललो होतो. कपडे बदलवून आलतो, बाई." तो थांबला. "माहं नाव नका घेजा बैठकीत. पंचायत काहाडून टाकन मले."

"आणि लहानूभाऊंचं नाव घेतायत ते?"

"त्याचं काय, त्याच्या मांगं त्याची सारी टोली हाय, अख्खी वस्ती. भांडतीन थे. माह्या मांगं कोन हाय?"

तो मान वळवून डबक्यात थुंकला. लाल पिचकारी एका पांढऱ्या पोटावर पडली आणि पसरली. रुपालीने नजर लॅपटॉपवर आणली, पण तो रंग पडद्यावरही दिसत राहिला.

*

सरांचा फोन आला होता, म्हणजे डब्याची त्यांना त्याच वेळी गरज होती. तिने प्रकल्पाचा व्हॉट्सॲप गट उघडला. परवा संध्याकाळी सरांनी एक व्हिडिओ टाकला होता. वर लिहिलं होतं, प्राउड मोमेंट, टीम! खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवणाऱ्या हातांची चित्रं टाकली होती. त्यात तिचीही होती. व्हिडिओ न बघताच टाकलेली.

आता तिने तो पाहिला. नागपुरातलं एक थंड सभागृह. टेबलांवर पांढरं कापड, पाण्याच्या बाटल्या, काजूच्या वाट्या. मोठ्या पडद्यावर याच बांधाचं चित्र. सर मोबाइल वर धरून म्हणत होते, "तलाव इथून शंभर किलोमीटरवर आहे आणि त्याचं दार माझ्या खिशात आहे." लोक हसले. सरांनी बोट टेकवलं. पडद्यावर तुडुमाचं दार हळूहळू वर सरकलं, फेसाळ पाणी पाटात घुसलं. टाळ्या. चित्राच्या कोपऱ्यात नवा सदरा घातलेला एक माणूस बांधावरून गावाकडे चालत जाताना दिसत होता. तो मुखरू.

व्हिडिओ तिथेच संपत होता. दार लागताना त्यात कुठेच नव्हतं.

तिने सरांना फोन लावला.

"बोल रुपाली. रिपोर्ट बघितलास ना? सकाळीच पाठवला."

"सर, परवा तुडूम तुम्ही उघडलं होतं."

"डेमो होता गं. क्लोजपण दाबलं होतं मी. तिकडे लाइट गेली त्याला मी काय करू?"

"लाइट आल्यावर पाहिलंत?"

"जेवणं होती. पाहुण्यांना सोडून मोबाइल बघत बसू?" ते आत्ताही काहीतरी खात होते. घास जिभेवरून फिरवल्याचा ओला आवाज फोनमधून तिच्या कानात येत होता. तिने फोन कानापासून थोडा दूर धरला.

"मासे मेले, सर. सगळे."

"कळलं मला. वाईट झालं. त्यांच्या संस्थेला आपण पुढच्या टप्प्यात घेऊ, ट्रेनिंग वगैरे." घास गिळला गेला. "रिपोर्टमध्ये मी स्थानिक अनधिकृत वापर असं लिहिलंय. कोणाचं नाव नाही टाकलं. पाटावरील पहिला शेतकरी, एवढंच."

"पाटावर पहिला शेतकरी एकच असतो, सर."

"तो त्यांच्या गावाचा प्रश्न झाला. आपण त्यात पडायचं नाही. तुला विचारलं तर म्हण, तांत्रिकदृष्ट्या निश्चित सांगता येत नाही. खोटं नाही ते. नियम नव्हते, म्हणजे कोणीही उघडू शकलं असतं. बरोबर ना?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रविवारी मुंबईचे लोक येतायत. तोपर्यंत ते मासे तेवढे उचलून घ्या म्हणावं, वासाने उभं राहवणार नाही. आणि तुझ्या नोकरीचं एक्स्टेन्शन या आठवड्यात माझ्या टेबलावर आहे. लक्षात आहे ना?"

"आहे."

"गुड. हुशार आहेस तू."

फोन ठेवल्यावर ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. तांत्रिकदृष्ट्या निश्चित सांगता येत नाही. त्यात एकही शब्द चूक नव्हता. अशी वाक्यं तिने स्वतःही लिहिली होती, मोजणी नीट आली नसेल तेव्हा, प्रामाणिकपणे. तेच वाक्य आता तिला कोणाच्या तरी तोंडातून काढून आपल्या तोंडात घातलेल्या घासासारखं वाटलं. कोमट, लाळेचं. तिने बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली. तरी ते गेलं नाही.

*

लहानू बांधावरून येताना दिसला. पन्नाशीचा, वाळका माणूस, डोक्याला दुपट्टा. काठावर मासे काढणाऱ्या बायांनी त्याला पाहून पाठ फिरवली. तो थेट रुपालीजवळ आला आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

"घ्या, पाहा. तुमीच टाकून देल्लं होतं ॲप. त्याच दिवशी तुमच्या मानसानं काहाडूनबी टाकलं. फोटो झाला, काम झालं."

"ठेवा भाऊ. मला माहीत आहे तुम्ही नाही उघडलं."

"तुमाले माहीत असून काय उपेग? तिथी सांगान त उपेग." त्याने मोबाइल खिशात टाकला. "माह्या बांधीत पानी उभं होतं म्हनते. होतं ना. बांधीच्या कडेचा धुरा फोडून अंदर आलं, अन तसंच खालून वाहून गेलं. अर्धी बांधी गाळानं दाबली. आपलाच धुरा कोनी फोडते का?"

"धान कसा आहे?"

"निसवला हाय. लोंबी बाहेर आली. आता एक पानी भेटलं पाह्यजे, नाई त दाना भरत नाई, सारा पोचट. माह्या घरी खाले थोच हाय." तो आवाज न चढवता बोलत होता. "बाई, म्या तुमाले काइ वाकडं नाई बोलत. पन या गावात काइ बिघडलं का पयलं बोट आमच्या टोलीकडं जाते. मले वाटलं होतं, हे मशीन हाय. मशीनले टोली कुठी समजते?"

रुपालीने डब्याकडे पाहिलं.

"अन फोटोत मी कसा हासून राह्यलो होतो," लहानू म्हणाला. "तुमचे सर म्हने, हसा लहानूजी. मले जी म्हनलं कोनी, म्हनून हासलो."

तो आला तसा निघून गेला. बांधावर त्याच्या चपलेला चिकटून एक खवला आला होता, रुपयाएवढा, उन्हात चमकत. पुढच्या पावलाला तो धुळीत पडला.

रुपाली खाली बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

घाई केली तर आपणच बाहेर राहू, म्हणून तिने आधी देखभालीपुरती आपली वाट मोकळी ठेवली. त्या वाटेने मशीन तपासता येईल, दार हलवता येणार नाही. मग केसरबाईंचा फोन. मग बापूजींचा. मग सिमच्या वाटेने येणाऱ्या प्रत्येक हुकुमाला नकार. शेवटी साखळीच्या डोक्यावरचा तो शब्द बदलला. जे नियमात नाही ते आत येणार नाही.

इथपर्यंत ती दर फेरीला येत असे. इथेच लॅपटॉप मिटत असे.

तिने नियम फायलीत उतरवले. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी एक फाइल, नव्या लांब पत्त्यांसाठी दुसरी, कारण सिमवाल्या फोनांचे हुकूम बहुतेक दुसऱ्याच वाटेने येतात आणि ती उघडी राहिली तर पहिली बंद करून काही उपयोग नाही. मग सुरू होताना या फायली वाचणारी सेवा चालू केली. ती नेटवर्कच्या आधी उठते की नाही हेही पाहिलं. नेटवर्क आधी जागं झालं तर मधल्या क्षणांत दार उघडं राहतं. सेवा आधी उठत होती.

"मुखरूभाऊ, डब्याची लाइन बंद करा."

"अजून अटकला का?"

"नाही. बंद करा."

मुखरूने खटका पाडला. डब्यातला हिरवा दिवा गेला. तिने त्याला थांबायला सांगितलं, मग चालू करायला. दिवा लुकलुकला, स्थिर झाला. तिने पुन्हा जोडून नियम मागवले. ते होते. सगळे, तिने लिहिलेल्या क्रमाने.

खात्रीसाठी तिने स्वतःच्या मोबाइलवरून, सिमच्या वाटेने, दार हलवायचा हुकूम दिला. ॲपमधलं चक्र फिरत राहिलं आणि काहीच झालं नाही. मुखरूने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मंग रविवारी सरनं बंद-चालू कराले लावलं त?"

"करा. कितीही वेळा करा."

तिला बरं वाटायला हवं होतं. पण वारा फिरला आणि डबक्यावरचा वास थेट तोंडावर आला, गोड आणि जाड. हे काम आधी झालं असतं तर हा वास नसता. एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिने डब्याचं झाकण लावलं.

*

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. वास इथपर्यंत पोचला होता. लोक नाकाला दुपट्टे लावून बसले होते आणि दुपट्ट्याआड खर्रा चघळत होते. केसरबाई हात धुऊन आल्या होत्या तरी त्यांच्या मनगटाला खवले चिकटलेले होते. लहानू एका खांबाशी उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

बापूजी खुर्चीवर. सत्तरीचा माणूस, चष्मा दोरीने बांधलेला. त्यांच्या मोबाइलवर सरांचा अहवाल आलेला होता. त्यांनी तो अडखळत वाचला. "स्थानिक अनधिकृत वापर. पाटावरील पहिला शेतकरी लाभार्थी असल्याचे दिसते."

"झालं मंग," मागून कोणीतरी म्हणालं. "लिखून आलं."

"मोठ्या साहेबानं लिवलं. आता काय बाकी हाय?"

"लहानूजी, हसा जरा!" एकजण ओरडला, आणि व्हरांड्यात हशा पिकला. लहानूने खांबावरचा हात काढला नाही. त्याची बोटं चुन्यावर दाबली गेली.

"हासता काय?" केसरबाई म्हणाल्या. "मासोळ्या माह्या मेल्या. हासून तुमी राह्यले."

"तुमच्यासाठीच त पाळी कापून राह्यलो, काकी."

"त्याची पाळी कापून माह्या मासोळ्या जित्या होतीन का? मले खरं पाह्यजे. मंग कापा नाई त जोडा." त्या रुपालीकडे वळल्या. "या बाईचं यंत्र बोलते, बाई नाई बोलत. सकारपासून पाहून राह्यली मी."

"बाई," बापूजी म्हणाले, "म्या सांगतलं थे तुमाले मालूम हाय. कागद कागदाच्या जागी. तुमी तोंडानं सांगा. लहानूनं उघडलं का नाई?"

रुपालीच्या हातात मोबाइल थरथरला. पडद्यावर अमर सरांचं नाव होतं. तो वाजून थांबला आणि लगेच पुन्हा थरथरू लागला. सरांनी डब्यात शिरायचा प्रयत्न केला असेल आणि त्यांना आत जाता आलं नसेल. तिने मोबाइल पालथा करून सतरंजीवर ठेवला. सतरंजीतून त्याची थरथर गुडघ्याला लागत राहिली.

मुखरू दारात उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिने त्याचं नाव घ्यायचं नाही असं आधीच ठरवलं होतं.

"तांत्रिक हाय का काही, बाई?" बापूजींनी वाट दाखवल्यासारखं विचारलं. "सांगता येत नसन त तसं सांगा."

 रुपाली उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण व्हरांड्यातली कुजबुज थांबली होती.

"लहानूभाऊंनी उघडलं नाही. तुडूम आमच्या अमर सरांनी उघडलं, नागपुरात बसून, पाहुण्यांना दाखवायला. आणि ते लागलं की नाही हे न बघता ते जेवायला गेले. त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, सगळ्यांना दाखवते. त्यांना बाहेरून आत येता आलं, कारण डब्याचे नियम वीज गेली की पुसले जात होते, आणि ते तसेच राहू दे असं त्यांनी सांगितलं होतं. आज दुपारी मी ते कायमचे लिहिले, त्यांना न विचारता. आता वीज जाऊ द्या, डबा बंद करा, चालू करा, तुडूम फक्त केसरबाईंचं आणि बापूजींचं ऐकेल. सरांचं ऐकणार नाही. माझंही नाही."